ओळ सातशे पस्तीस

मगदूम सरांची वही त्रिशलानं आणून दिली,
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली, वर दोन रबर.
आत निळ्या शाईत अख्खा प्रोग्रॅम,
दहा, वीस, तीस, थेट नऊशे नव्वदपर्यंत.
कॅसेट एकोणीसच्या पुरात गेली.
कॉम्प्युटर त्याच्याही आधी, भंगारात;
रबरी बटणांचा, पाटाएवढासुद्धा नव्हता.
"नव्या मशीनवर चालतोय का बघा," ती म्हणाली.
"बाबा दर श्रावणात टीव्हीला जोडून बसायचे."

काम साधंच.
कोयनेतनं किती सोडलं, आयर्विन पुलाला किती फूट,
एवढं विचारायचं,
आणि एकेका गल्लीचं नाव घेऊन सांगायचं
पाणी येईल की नाही, आलं तर कधी.

विश्रामबागेत, चौथ्या मजल्यावर,
जेवणाच्या टेबलाशी मी ओळी उतरवत बसते.
लेट गाळते. आता लागत नाही.
गोटू चौदा निघाले,
ते झाडातल्या मांज्यासारखे हळूहळू सोडवते.
ओळींचे आकडेही लागत नाहीत,
पण ते खोडताना हात अडतो.
दहा-दहाचं अंतर सरांनी यासाठीच ठेवलेलं,
मागाहून काही सुचलं तर बसायला जागा असावी.

त्यांच्या मशीनवर खरं म्हणजे एक.
माझ्यावर खरं म्हणजे उणे एक.
हे ध्यानात येईपर्यंत दोन दिवस
'उणे सहा गल्ल्यांत पाणी येईल'
असं लिहून येत होतं.

पाचशे दहावर एक रिकामी फेरी आहे.
फॉर आय, एक ते आठशे. नेक्स्ट आय.
आत काहीच नाही.
त्या मशीनला आठशे मोजायला साडेतीन सेकंद लागत,
तोवर पडदा कोरा,
मग उत्तर.
माझं मशीन आठशे मोजतं
आणि मोजल्याचं कुणाला कळतही नाही.
बोट उचलायच्या आत: येईल.
पहिल्यांदा चालवलं तेव्हा दचकले.
असं तोंडावर कोण सांगतं?
फेरी काढून तिथं स्लीप लिहिलं, पुढं तीन.
अर्धा सेकंद माझ्याकडनं हरवला.

मग सातशे पस्तीस.
तीस आणि चाळीसच्या मधे, दुसऱ्या पेनानं:
गल्ली सात असेल तर पातळीतून एक वजा.
रेम नाही. खुलासा नाही.
मी तक्ता पाहिला, सातवी आणि पाचवी सारख्याच उंचीवर.
चूकच. काढली.
संध्याकाळी त्रिशलाला फोन केला,
म्हटलं, एक चूक होती तुझ्या बाबांची, दुरुस्त केली.

ती जरा गप्प झाली.
"सातवी म्हंजे कुंभाराची. मुरलीधरमामा.
श्रावणात दोनशे गणपती कच्चे असायचे त्यांच्याकडं,
शाडूचे. नुसती ओल लागली तरी बसायचे खाली.
माळ्यावर चढवायला एक फुटाएवढा वेळ जायचा.
म्हणून बाबा त्यांना आधीच सांगायचे. खोटं."

खोटं कसलं, म्हटलं, वजाबाकी.

तिथं आता टायरचं दुकान आहे.
टायर भिजले तर भिजले.
मामांचा मुलगा इचलकरंजीला, यंत्रमागावर.
ओळ ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही,
हे मला साडेदहापर्यंत पटलेलं होतं.
अकराला ती परत घातली.
वर रेम लिहिला: कच्चे गणपती, दोनशे.
मशीन रेम वाचत नाही.

आणि मग, लागत नसताना,
सगळ्या ओळींना आकडे दिले, दहा-दहानं.
नवं मशीन काही बोललं नाही.

चालवून पाहिलं.
बाहेर मे महिना, कृष्णेत घोट्याएवढं पाणी, बाकी जलपर्णी.
तरी पुलाला एकेचाळीस फूट घातले, गल्ली सात,
एंटर.

पडदा कोरा झाला.
फ्रीज घरघरला.
तेवढ्या तीन सेकंदांत मी मान वर करून
उगीचच बघितलं
माझा माळा रिकामा आहे का.